माणूस बोलवावा का?

नवरात्र बसलं की रंगाऱ्याचा फोन लागेनासा होतो. लागलाच तर ‘आता दिवाळीनंतर बघू’ हे उत्तर ठरलेलं. मग घरातलं कुणीतरी उत्साही म्हणतं, एवढं काय त्यात, डबे आणू, रोलर आणू, दोन सुट्ट्यांत हॉल उरकू. दुसरं कुणी म्हणतं, नको तो पसारा, थांबू पण माणूसच बोलवू. दोघांचंही थोडंथोडं बरोबर असतं आणि वाद बहुधा पैशांवर जाऊन थांबतो. भिंत वाळली आहे का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मोसमी पाऊस मुंबई-पुण्यातून माघार घेतो तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. चार महिने पाणी प्यायलेली वीट आणि प्लास्टर पंधरवड्यात कोरडं होत नाही. तरीही दिवाळीच्या तोंडावर भिंती रंगवायची रीत आपल्याकडे पडली, कारण तेव्हाचा रंग चुन्याचा होता. कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, खदखदून शांत झाला की गाळायचा, त्यात थोडी नीळ आणि थोडा डिंक घालून कुंच्याने दोन हात मारायचे. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कडक होतो, पण भिंतीची छिद्रं बुजवत नाही. आतली ओल त्याच्यातून सावकाश उडून जाते. त्यामुळे ओलसर भिंतीलाही तो चालायचा आणि घरच्या माणसांनी वेडावाकडा मारला तरी पुढच्या वर्षी वरून हात फिरवून निभायचं. डोळे सांभाळले की झालं.

आजचा प्लास्टिक इमल्शन रंग भिंतीवर पापुद्रा धरतो. ओल्या भिंतीवर तो मारला की पाणी आत कोंडतं आणि संक्रांतीपर्यंत पोपडे सुटतात. सण तोच राहिला, सामान बदललं. रंगारी लावला काय किंवा बनियनवर आपण उभे राहिलो काय, ओल्या भिंतीवर दोघांचीही फजिती सारखीच. फूट-दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवायचा. आतून दव धरलं तर डबा उघडायचा नाही. ही परीक्षा फुकट आहे आणि रंगारी ती करत नाही, कारण त्याला पुढच्या घरी जायचं असतं.

स्वतः करणं आणि करवून घेणं या दोन्हींना लागणारी माहिती बरीचशी एकच असते. ती नसेल तर दोन्ही वाटांनी घराचं नुकसान होतं. फरक एवढाच की दुसऱ्या वाटेने ते बिलासकट होतं.

आपल्याकडे हातानं काम करण्याचा संकोच जुना आहे आणि त्याचं कारण आळसाइतकं साधं नाही. गावगाड्यात सुताराचं काम सुतारानं, लोहाराचं लोहारानं करायचं आणि बदल्यात सुगीला बलुतं घ्यायचं, अशी वाटणी जातीवर झालेली होती. रंधा हातात घेणं हा छंद असू शकतो, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसत नव्हती. पण त्याच घरात जमीन सारवणं, भिंतीला पोतेरं फिरवणं, खचलेली चूल नव्यानं लिंपणं ही डागडुजी वर्षभर चालू असायची. ती घरच्या बायका करत. तिला बलुतं नव्हतं आणि कौशल्य म्हणून तिची मोजदादही नव्हती. शेण आणि माती किती घ्यायची, जमिनीला भेगा पडू नयेत म्हणून हात कसा फिरवायचा, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी कारागीर म्हटलं नाही. आजही ‘आमच्याकडे सगळं घरीच करतात’ असं सांगणाऱ्या घरात ते नेमकं कोण करतं, हे विचारून बघावं.

दुसरं कारण मजुरीचं. अमेरिकेतल्या मराठी माणसाला शनिवारी होम डेपोत जाऊन नळ, टाइल आणि ड्रिल घेऊन यावं लागतं, कारण तिथे प्लंबर दारात आला की तासाचे पैसे सुरू होतात. आपल्याकडे माणसाचा दिवस स्वस्त आणि हत्यार महाग. वर्षातून दोन भोकं पाडायला हॅमर ड्रिल घेण्यापेक्षा माणूस बोलावणं परवडतं. नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकियाचं दुकान उघडलं. घरी नेऊन आपणच जोडायचं फर्निचर ही त्या कंपनीची जगभरची ओळख, तरी इथे जोडून देणाऱ्या माणसाची सोय दाराशी हवीच असते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्वयंपूर्णतेचं आयात केलेलं कौतुक मला तरी थोडं फसवं वाटतं. गोदरेजच्या कपाटाचं कुलूप स्वतः खोलून काय सिद्ध करायचं असतं, कोण जाणे.

पण काही कामांत आपण करायचं की नाही, हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. विजेच्या बाबतीत कायद्याने ही रेघ फार पूर्वी ओढून ठेवली आहे आणि ती इतकी शहाणपणाची आहे की घराघरांत माहीत असायला हवी होती. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून हा दंडक आहे, पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांतही तो आला: घरातलं वीजकाम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं. त्यातून दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं यांची बदली वगळलेली आहे. अट एकच, त्या बदलीने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

या अटीत सगळं आलं. पंखा हळू फिरायला लागला, हाताने ढकलल्याशिवाय सुरू होईना, तर बहुधा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. वरच्या डबीवर किती मायक्रोफॅरड ते लिहिलेलं असतं, बहुतेक छताच्या पंख्यांना अडीच. तेवढ्याचाच नवा आणून, मेन बंद करून, शिडी धरायला कुणाला तरी उभं करून तो बदलता येतो. ही बदली झाली. पण बाथरूममधल्या साध्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर गीझर लावायचा म्हणून फक्त वरचं सॉकेट काढून सोळा अँपिअरचं बसवणं, हा स्वरूप बदलण्याचा गुन्हा आहे, स्क्रू दोनच फिरवले असले तरी. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, तीन किलोवॉटचा तेरा. भिंतीतली वायर दिव्यासाठी टाकलेली दीड एमएमची असेल तर ती रोज सकाळी तापते. लगेच काही होत नाही. आवरण कडक होत जातं, जोडाजवळ काळं पडतं, आणि एखाद्या वर्षी पावसाळ्यात जळका वास येतो. वर बसवलेलं सॉकेट मात्र चकचकीत असतं.

आपण हात घातला तरी आणि माणूस बोलावला तरी विजेच्या पेटीतल्या दोन बटणांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा. एमसीबी वायरला वाचवतो. भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. माणसाला वाचवतो आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली, म्हणजे कुठेतरी तो जमिनीत जातोय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, की हा क्षणात तोडतो. त्याच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं ते दाबून बघायचं असतं. बहुतेक घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं. जुन्या इमारतींत आरसीसीबी नसतोच. आणि आणखी एक: स्विच बंद केला म्हणजे वीज बंद झाली असं धरून चालू नये. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर जोडलेला सापडतो, तेव्हा दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहते. मेन पाडल्याशिवाय होल्डरला बोट लावायचं नाही.

पाण्याचा कारभार उलटा. पाणी सहसा जीव घेत नाही, पण शहाण्यालाही चकवतं. नळ ठिबकतो तेव्हा निम्म्या वेळा वायसर झिजलेला असतो. अँगल कॉक बंद करून, पान्ह्यानं तोटी खोलून, वायसर बदलून, आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेनं गुंडाळून बसवली की काम झालं. हे शाळकरी मुलांना येण्यासारखं आहे. पण खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन ‘तुमच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल येतेय’ असं म्हणाले की खेळ वेगळा. पाणी जिथे दिसतं तिथून येत असतंच असं नाही. टाइलच्या फटीतून झिरपलेलं पाणी खालच्या भरावात साठतं, स्लॅबच्या उतारानं सरकत दूर जातं आणि जिथे बारीक चीर मिळेल तिथे डोकावतं. दोष नहाणी ट्रॅपच्या कडेला असतो, डाग बेडरूमच्या कोपऱ्यात.

इथे पहिल्यांदा स्वतः करायचं काम म्हणजे शोध. बाथरूम दोन दिवस पूर्ण कोरडं ठेवायचं आणि खालचा डाग फिकटतो का ते बघायचं. मग नहाणीचं तोंड बंद करून नुसती जमीन भिजेल एवढं पाणी दिवसभर साठवून ठेवायचं. डाग वाढला तर जमिनीतून, न वाढता फक्त नळ सोडल्यावर वाढला तर ड्रेनेजमधून, काहीच नसताना ओलाच राहिला तर दाबाच्या पाइपमधून. हा तपास फार हुशारीचा नाही, त्याला फक्त सवड लागते, आणि सवड दिवसाच्या मजुरीवर आलेल्या माणसाकडे नसते. तो दाखवलेल्या जागी केमिकल भरतो आणि जातो. फटींतलं ग्राउट खरवडून इपॉक्सी भरण्यापर्यंत घरच्या माणसाची मजल जाऊ शकते. त्यापुढे टाइल उखडून विटांच्या तुकड्यांचा कोबा नव्यानं करायची वेळ आली तर तो गवंड्याचा प्रांत. तिथे माल एकास चार की एकास सहा, उतार किती, पाणी किती दिवस मारायचं, हे सगळं टाइलखाली कायमचं झाकलं जाणार असतं.

हातोडी उचलण्याआधी दोन कागद बघावेत, हे बरेच जण विसरतात. घराचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेराच्या कलम १४(३) नुसार बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष विकसकाला लेखी कळवल्यावर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. अशा वेळी स्वतःच्या पैशानं माणूस बोलावणंही चूक, स्वतः करणं तर त्याहून मोठी चूक, कारण मग दोष मूळचा की तुमच्या हाताचा, यावर वाद घालायला त्याला जागा मिळते. आणि घर जुनं, सोसायटीतलं असेल तर आदर्श उपविधी काढावेत. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, सामाईक पाइपमधून येणारी गळती हा सोसायटीचा खर्च आहे. कितीतरी सभासद आतून रंगावर रंग चढवत राहतात आणि पाणी बाहेरून आत येत राहतं.

पाडकामाचं मात्र मला गमतीनं लिहवत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, अटकही झाली. हे कुणी हौशी माणसानं सुट्टीच्या दिवशी केलेलं काम नव्हतं. माणसं लावून, पैसे मोजून चाललेलं होतं. आपल्याकडे ‘प्रोफेशनल’ बोलावला म्हणजे जबाबदारी त्याच्याकडे गेली, असं वाटून जो निःश्वास सोडला जातो, त्याला या एका घटनेनं पुरेसा जबाब दिला आहे. गवंडी सांगाल ती भिंत पाडून देतो. पाडावी का, हे ठरवणारा माणूस वेगळा, तो स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि त्याची फी बहुतेकांना जिवावर येते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं उपविधी सांगतात. ते सोसायटीत झालेलं असेल तर आधी तो अहवाल मागावा.

भिंतीभिंतींतही फरक असतो. सदाशिव पेठेतल्या वाड्याची जाड भिंत वरचा भार पेलते. नव्वदच्या दशकातल्या सोसायटीत भार खांब-तुळयांवर असतो आणि मधल्या चार इंची भिंती नुसत्या आडोशाला. आणि आता पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीनं, ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदम ओतले जातात. तिथे प्रत्येक भिंत सळईच्या काँक्रीटची, प्रत्येक भिंत भार घेणारी. जुन्या घरातून अशा टॉवरमध्ये राहायला गेलेला माणूस एसीसाठी नवा पॉइंट काढायला इलेक्ट्रिशियन बोलावतो, तो नेहमीप्रमाणे कटर लावून भिंतीला आडवी खाच पाडायला निघतो, आणि सळई उघडी पडते. या घरांत वायर बाहेरून पट्टीतून न्यायची. दिसायला थोडी वाईट दिसते, दिसू द्यावी. तसबिरीसाठी भोक पाडून रावल प्लग ठोकणं मात्र चालतं, ड्रिल हॅमरचा हवा आणि मनगट पक्कं. सळई लागली असं हाताला जाणवलं की इंचभर सरकायचं.

आता ज्याला बोलवायचं त्याच्याकडे बघू. पुण्यात वारजे किंवा डांगे चौकातला मजूर अड्डा सकाळी भरतो. थापी, ओळंबा, रंगाचे ब्रश पिशवीतून वर डोकावत असतात. दुचाकी थांबली की चार जण पुढे होतात, गवंडी हवा की बिगारी एवढंच विचारलं जातं, आकडा ठरतो. मुंबईत याच जागेला नाका म्हणतात. इथला माणूस शिकलेला असतो तो दुसऱ्या कुणाच्या हाताखाली, कुणाच्या तरी घराच्या भिंतीवर. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्लंबरचा एक वर्षाचा. पण मोबाइलवरून बोलावल्यावर गणवेशात येणारा आणि अड्ड्यावरून दुचाकीवर मागे बसून येणारा, या दोघांत आयटीआय कोण, हे कपड्यांवरून कळत नाही. वायरमनचा परवाना मागण्याची आपल्याला सवय नाही. मागितला तर चांगल्या कारागिराला राग येत नाही, हे माझं निरीक्षण आहे.

विचारायचे प्रश्न साधे असतात. रंगाऱ्याला: खरवडणार किती, लांबी भरून झाल्यावर प्रायमर आहे का, हात किती, आणि फूट मोजताना खिडक्या-दारं वजा करणार का. ‘सगळं व्यवस्थित करून देतो’ हे उत्तर आलं की पुन्हा विचारायचं. खिडक्यांच्या ग्रिलवर आणि दारांवर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील तर कोरडं घासू द्यायचं नाही. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, त्याआधीच्या रंगात किती होतं ते कुणी सांगत नाही. वॉटर पेपर लावून ओलं घासायचं, आणि ते आपण घासत असू तरी लहान मूल त्या खोलीत नको. इलेक्ट्रिशियनला: वायर कोणती, किती एमएमची, हिरवी वायर खरोखर अर्थिंगला जोडलेली आहे की नुसती डबीत गुंडाळून ठेवली आहे. प्लास्टर भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो घ्यायचा. पुढे दहा वर्षांनी खिळा कुठे मारायचा नाही, हे त्या फोटोवरून कळतं. शेवटचा चौथाई पैसा काम वापरून बघितल्यावर.

हे प्रश्न विचारता यावेत म्हणूनच थोडं काम स्वतः करून बघावं, असं मला वाटतं. वाचलेल्या पैशांचा हिशेब त्यात फारसा नाही. एक खोली स्वतः रंगवलेल्या माणसाला कळतं की रंग मारणं हे शेवटचं आणि सोपं काम आहे, आधीचं खरवडणं आणि घासणंच दोन दिवस खातं. मग तो एका दिवसात दोन खोल्या करून देणाऱ्याला विचारतो, घासलं कधी? शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे याच दिशेनं शिक्षण चालतं. मुलं वेल्डिंग, वायरिंग, प्लंबिंग, शेती ही कामं हातानं करत शिकतात आणि गावातली खरी कामं करून देतात. तिथून शाळांपर्यंत पोचलेल्या आयबीटी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, या उपक्रमाचा उद्देश प्रत्येक मुलाला प्लंबर करणं हा नाही. आठवीतल्या मुलीनं एकदा बोर्ड जोडून बघितला की पुढे आयुष्यभर तिला वायरमन काय करतोय ते कळतं. शहरातल्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याची घरं होतात.

एक हिशेब मात्र आपण माणूस बोलावताना करतच नाही. धोक्याचं काम स्वतः करायचं नाही म्हणून दुसऱ्याला बोलावलं, तेव्हा धोका नाहीसा झालेला नसतो, तो त्याच्या अंगावर गेलेला असतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम आस्थापनेच्या व्याख्येतून वगळलं होतं. म्हणजे आपल्या घरी शिडीवरून पडलेला रंगारी, कागदोपत्री कुणाचाच नव्हता. सेप्टिक टँकचं तर आणखी सरळ आहे. गावाकडच्या किंवा बंगल्याच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड एका श्वासात शुद्ध घालवतो. तिथे आपण की माणूस, हा पर्यायच नाही. मैला उपसणारी गाडी बोलवायची.

आणि एसी. बाहेरचं युनिट सातव्या मजल्याच्या खिडकीखाली, लोखंडी ब्रॅकेटवर. बसवायला दोघं येतात, एक आत राहतो, दुसरा खिडकीतून पाय बाहेर टाकून सज्ज्यावर उतरतो, बऱ्याचदा चपलेसकट. आपण आत पंख्याखाली उभे राहून ‘जपून हं’ म्हणतो. फोनवर बोलावतानाच विचारून घ्यावं: पट्टा आहे का, तो अडकवणार कशाला? पट्टा न घेता आला तर येण्याजाण्याचे पैसे देऊन परत पाठवावं. एसी परवा बसला तरी चालतो.